तिसरी जाहिरात

मेंदूविज्ञानाच्या इतिहासात १८८७ सालची माद्रिदची एक खेप हमखास सांगितली जाते. ती खेप कशासाठी होती, हे मात्र बहुतेकजण अर्ध्या वाक्यात उरकतात. स्पेनमधल्या वॅलेन्सिया विद्यापीठातला पस्तिशीचा शरीररचनेचा प्राध्यापक सांतियागो रामोन इ काहाल माद्रिदला गेला होता तो परीक्षक म्हणून. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी उमेदवार निवडायचे होते आणि निवड मंडळावर त्याचं नाव लागलं होतं. आपल्या भाषेत, तो विषयतज्ज्ञ म्हणून गेला होता.

मला ही गोष्ट आवडते, कारण मी स्वतः विषयतज्ज्ञ म्हणून बरीच हिंडले आहे. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, संशोधन माशांच्या मेंदूवर. वयाची पन्नाशी आली आणि विद्यापीठाकडून पत्रं यायला लागली: अमुक तारखेला अमुक महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखती आहेत, उपस्थित राहावे. मग एसटी स्टँडवर संस्थेची गाडी, प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे, टेबलावर उमेदवारांच्या फायलींचा ढीग. संस्थेचे अध्यक्ष मधल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी कुलगुरूंचे प्रतिनिधी, पलीकडे सहसंचालक कार्यालयातून आलेले अधिकारी, त्यांचं लक्ष आरक्षणाच्या बिंदुनामावलीवर. आणि कोपऱ्यात आम्ही विषयतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना विषय कळतो आणि म्हणून ज्यांच्याकडे शेवटी बघितलं जातं. एका उमेदवाराला दहा मिनिटं मिळतात. बाहेर व्हरांड्यात उरलेले बसलेले असतात, मांडीवर फाइल, फायलीत मूळ प्रमाणपत्रं, एकमेकांशी हलक्या आवाजात एकच चर्चा: कँडिडेट ठरलेला आहे का?

दुपारी चारला सगळं आटोपतं. प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर सही, शाल, नारळ, परतीची गाडी. त्या गावात आणखी कोणी आपल्या विषयातलं काही करतंय का, हे बघायला जावं असं मनात येतं. जाणं होत नाही.

काहाल मात्र गेला. माद्रिदला आलोच आहोत तर इथल्या प्रयोगशाळा बघाव्यात, म्हणून तो रिकाम्या वेळात फिरला. त्यात लुईस सिमार्रो नावाच्या डॉक्टरकडे पोचला. सिमार्रो मनोविकारतज्ज्ञ. पॅरिसला काही वर्षं राहून, तिथली सूक्ष्मदर्शकाची विद्या शिकून परतला होता आणि त्याने आपल्या घरातच प्रयोगशाळा थाटली होती. तिथे त्याने काहालला चेतापेशींची काही काचपट्टं (स्लाइड्स) दाखवली. ती रंगवण्याची रीत चौदा वर्षांची जुनी होती. छापून आलेली, सर्वांना उपलब्ध, आणि तरीही कोणी फारशी न वापरलेली.

ही रीत नेमकी काय, ते थोडं सांगते, कारण माझ्या हाताच्या बोटांवर तिचे डाग कित्येक वर्षं होते. मेंदूचा तुकडा घ्यायचा, पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात काही दिवस बुडवून घट्ट होऊ द्यायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचा. दोन क्षारांची गाठ पडते आणि सिल्व्हर क्रोमेटचा काळा साका काही पेशींच्या आत धरतो. सगळ्या पेशींत नाही, शंभरातल्या मोजक्या. पण ज्या पेशीत धरतो, तिच्यात शेंड्यापासून मुळापर्यंत धरतो. पिवळट पार्श्वभूमीवर एकच पेशी, तिच्या सगळ्या फांद्यांसकट काळी कुळकुळीत. नेमक्या त्याच पेशी का रंगतात याचं पुरतं समाधानकारक उत्तर आजही कोणाकडे नाही. आणि गंमत अशी की रीत उपयोगी पडते ती तिच्या या अर्धवटपणामुळेच. मेंदूतल्या सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काचेवर नुसता काळा ठिपका दिसला असता.

रीत शोधली इटलीतल्या कामिल्लो गोल्जीने, १८७३ साली. कुठे? पाविया विद्यापीठात नाही. पावियात संशोधन करता करता नोकरीचं काही जमेना, घरून वडिलांचा धोशा सुरू होता, तेव्हा गोल्जीने आब्बियातेग्रास्सो या लहान गावातल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात मुख्य वैद्याची जागा घेतली. पगार होता, घर होतं, संशोधनाची सोय नव्हती. तिथल्या एका लहानशा स्वयंपाकघरात त्याने सामान मांडलं आणि त्यातून ही काळी प्रक्रिया निघाली. प्राध्यापकपद नंतर मिळालं.

अशा गोष्टी वाचल्या की आपल्याकडे लगेच एक सूर लागतो: बघा, खऱ्या ज्ञानाला पदाची गरज नसते. मला हा सूर अजिबात मानवत नाही. तो सहसा कायम नोकरीत असलेली माणसंच लावतात. गोल्जीला स्वयंपाकघर होतं, पण त्या स्वयंपाकघराचं भाडं त्याला द्यावं लागत नव्हतं आणि महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. ज्याला ‘पद नसणं’ म्हणून आपण मिरवतो ते बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी पदावर असणंच असतं.

काहालचं तर पूर्ण आयुष्यच या एका प्रश्नाभोवती फिरलं. त्याच्या बापाची, डॉन हुस्तो यांची, एकच इच्छा होती: पोराने शरीररचनेचा प्राध्यापक व्हावं. बाप स्वतः खेड्यातला शल्यवैद्य, हट्टी. पोराला चित्रकार व्हायचं होतं. बापाने त्याला न्हाव्याकडे ठेवून पाहिलं, चांभाराकडे ठेवून पाहिलं आणि शेवटी स्मशानातली हाडं आणून शरीररचना शिकवायला घेतली. हाडं काढायला मिळाल्यावर पोरगं रमलं. डॉक्टर झाला, सैन्यातून क्यूबाला गेला, तिथून हिवताप घेऊन परतला, आणि साठलेल्या पगारातून पहिला सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

स्पेनमध्ये प्राध्यापक व्हायचं तर ‘ओपोसिसिओन’ द्यावी लागे. आपल्या दहा मिनिटांच्या मुलाखतीपुढे तो प्रकार म्हणजे आखाडाच. जाहीर परीक्षा, अनेक फेऱ्या, लेखी, तोंडी, प्रत्यक्ष विच्छेदन, पाठ घेऊन दाखवणं, समोर प्रेक्षक, आणि त्यातलीच एक फेरी अशी की उमेदवारांनीच एकमेकांच्या मांडणीवर उघड आक्षेप घ्यायचे. १८७८ ते १८८० या काळात काहाल दोनदा या आखाड्यात उतरला आणि दोनदा हरला. आत्मचरित्रात त्याने पहिल्या अपयशाची चिकित्सा बरीच प्रामाणिकपणे केली आहे. विच्छेदन त्याला येत होतं, पण भर सभेत मांडणी करण्याची रीत ठाऊक नव्हती, आणि जर्मनीत त्या वेळी काय चाललं आहे याचं वाचन तोकडं होतं. समोरच्यांनी त्याला डावललं म्हणून फार मोठा अन्याय झाला, असं म्हणता येत नाही. त्यांना जे दिसलं त्यावर त्यांनी निर्णय दिला. जे अजून झालंच नव्हतं ते त्यांना दिसणार कसं?

मला महत्त्वाचं वाटतं ते मधल्या काळात काय झालं ते. १८७९ साली सारागोसाच्या वैद्यकशाळेत शरीरसंग्रहालयाच्या संचालकाची जागा निघाली. ती त्याला मिळाली. मोठी जागा नव्हती, पण बसायला टेबल होतं, हाताशी मृतदेह होते, पगार होता. तोवर क्षयातून उठला होता, त्याच वर्षी लग्न झालं. जर्मन वाचायला शिकला. आणि १८८३ च्या अखेरीस तिसऱ्या खेपेला वॅलेन्सियाची शरीररचनेची जागा मिळाली. वय एकतीस.

तिसऱ्या खेपेला, आणि वय एकतीस. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असं मला आपल्याकडच्या प्रत्येक नियोजनकर्त्याला सांगावंसं वाटतं. पाच-सहा वर्षांत त्या एका विषयाच्या जागा इतक्या वेळा निघाल्या की दोनदा पडलेला माणूस तिशीतच पुन्हा उभा राहू शकला. आपल्याकडे मंजूर पद निवृत्तीने रिकामं झालं की ते भरण्याची परवानगी यायलाच काही वर्षं जातात. मग वित्त विभागाची हरकत, मग रोस्टर तपासणी, मग न्यायालय. ४ मे २०२०ला करोनाच्या काळात राज्य शासनाने खर्चकपातीचा निर्णय काढला आणि आरोग्यासारखे मोजके विभाग सोडून नवी भरती थांबवली, तेव्हा माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं नुकती पीएचडी होऊन दारात उभी होती. त्याआधीही भरतीबंद्या येऊन गेल्याच होत्या. ज्याची पहिली मुलाखत पस्तिशीत होते त्याची तिसरी कधी होणार?

समितीची चूक होणारच. मी समितीत बसले आहे, मला माहीत आहे. दहा मिनिटांत माणूस कळत नाही. तासाभरातही कळणार नाही. चुकांना उपाय एकच: पुढची जाहिरात लवकर निघणे. जाहिरात दहा वर्षांनी एकदा निघत असेल तर समितीची साधी चूक एखाद्याला जन्मठेपेसारखी भोगावी लागते, आणि जिथे एका जागेवर माणसाचा जन्म टांगलेला असतो तिथे पाकिटं फिरायला वेळ लागत नाही. भ्रष्टाचारावर आपण खूप बोलतो. टंचाईवर कमी बोलतो.

तर वॅलेन्सिया. तिथे त्याने काय केलं? खरं सांगायचं तर मेंदूविज्ञान नाही केलं. खासगी वर्ग चालवून कमाईत भर घातली, ऊतिशास्त्राचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या शरीराच्या बांधणीचं, पाठ्यपुस्तक भागाभागाने काढायला घेतलं, काही काळ संमोहनाचाही नाद लावून घेतला. १८८५ साली वॅलेन्सियात पटकी पसरली, तेव्हा सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्याला तिचा अभ्यास करून अहवाल द्यायला सांगितलं. पटकीवरच्या नव्या लशीवरून तेव्हा मोठं रण माजलं होतं. अहवाल पसंत पडला आणि मंडळाने त्याला आभारादाखल झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. विद्यापीठाच्या खरेदी समितीतून तो कधी मिळाला असता, देव जाणे. आमच्याकडे मायक्रोटोमच्या, म्हणजे ऊतींचे पातळ काप घेणाऱ्या यंत्राच्या, पात्यांसाठी तीन कोटेशनं मागवताना मला हे प्रकरण नेहमी आठवायचं.

म्हणजे १८८७ साली माद्रिदला निघालेल्या या विषयतज्ज्ञाकडे चांगलं भिंग होतं, चित्रकाराचा हात होता, पगार होता. काय पाहायचं ते नव्हतं. ते सिमार्रोने दिलं.

परतल्यावर त्याच वर्षी त्याची बार्सिलोना विद्यापीठात ऊतिशास्त्राच्या पदावर बदली झाली आणि पुढचं वर्ष, १८८८, हे त्याने स्वतःच आपल्या आयुष्यातलं सर्वोच्च वर्ष म्हणून लिहून ठेवलं. गोल्जीची रीत लहरी होती. दहा तुकडे घातले तर दोन साधायचे. काहालने तिला दोन-तीन बाजूंनी वश केलं. एकदा रंगवलेला तुकडा पुन्हा त्याच दोन द्रावणांतून काढायचा. काप जाड घ्यायचे. आणि सगळ्यांत हुशारीचं म्हणजे, प्रौढ मेंदू न घेता अंड्यातलं पिल्लू किंवा नुकतं जन्मलेलं पिल्लू घ्यायचं, कारण तंतूंवर चरबीचं आवरण चढलं की चांदी आत शिरत नाही. दाट वाढलेल्या रानात झाडं ओळखत बसण्यापेक्षा रोपवाटिकेत जाऊन एकेक रोप बघावं, असं त्याने स्वतःच म्हटलं आहे.

पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या लहान भागात, त्याला जे दिसलं ते त्या काळच्या मान्य मताच्या उलट होतं. मेंदू म्हणजे एकमेकांत वितळून गेलेल्या तंतूंचं एक सलग जाळं, असं बहुतेक मोठी माणसं मानत होती, खुद्द गोल्जीही. काहालला तंतूंची टोकं दिसली. तंतू दुसऱ्या पेशीच्या अंगाशी जाऊन, तिला टोपलीसारखा विळखा घालून थांबत होता. आत शिरत नव्हता. प्रत्येक पेशी सुटी, स्वतःच्या हद्दीत राहणारी, शेजारणीशी नुसता स्पर्श ठेवणारी. त्याच लेखात त्याने पेशींच्या फांद्यांवरच्या बारीक काट्यांचीही नोंद केली. इतरांनी ते काटे म्हणजे रंगाचा दोष म्हणून सोडून दिले होते. आज शिकणं आणि आठवणं यांचा शोध घेणारे कितीतरी लोक त्या काट्यांचीच मोजदाद करत बसलेले असतात.

हा लेख छापणार कोण? काहालने स्वतःचं त्रैमासिक काढलं. १ मे १८८८ला पहिला अंक, प्रती साठ, खर्च स्वतःच्या खिशातून, घरात मुलं वाढत असताना. घरखर्च त्यातून कसा भागवायचा हे त्याची बायको सिल्वेरिया जाणे. तिच्या वाट्याला या इतिहासात चार ओळींपेक्षा जास्त आलेलं नाही. बहुतेक प्रती त्याने परदेशातल्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या. उत्तरं जवळजवळ आलीच नाहीत. अंक स्पॅनिशमध्ये होता आणि स्पॅनिशमध्ये काही महत्त्वाचं लिहिलेलं असेल असं बर्लिन किंवा व्हिएन्नात कोणाला वाटत नव्हतं.

इथे मला एक हिशेब करून पाहायचा मोह आवरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी छाननीचा तक्ता आहे. पदवीला इतके, पीएचडीला इतके, नेट या पात्रता परीक्षेला इतके. शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, जास्तीत जास्त १०. अट अशी की नियतकालिक तज्ज्ञांनी तपासलेलं किंवा यूजीसीच्या यादीतलं (ती यादी २०२५ साली बंद झाली) हवं. म्हणजे स्वतःच काढलेल्या, स्वतःच संपादलेल्या, स्वतःच पैसे भरून छापलेल्या त्रैमासिकातल्या त्या लेखाला, ज्याच्यापासून आजचं मेंदूविज्ञान सुरू झालं असं मानतात, किती गुण? शून्य. आणि असले नियम नकोत असंही मला म्हणवत नाही, कारण स्वतःच काढलेल्या नियतकालिकांचे गठ्ठे मी फायलींमध्ये पाहिले आहेत. त्यातले निबंध वाचले तर काहालचा आत्मा तळमळेल. तक्ता आणला तो अशांना गाळण्यासाठी. गाळणीला सोनं आणि खडा यांच्यातला फरक कळत नाही, तिला फक्त आकार कळतो. नियमावलीतही खाली स्पष्ट लिहिलं आहे की हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवरून. म्हणजे पुन्हा दहा मिनिटं.

एका मुलाखतीची गोष्ट सांगते. महाविद्यालय कुठलं, ते जाऊ दे. उमेदवारांत एक बाई होत्या, चाळिशीच्या आतबाहेर, अनेक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. सीएचबीवाल्या. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा अर्ज. अध्यक्षांनी कौटुंबिक माहिती विचारली, प्रतिनिधींनी नवं शैक्षणिक धोरण विचारलं. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, सध्या काय करता? त्या म्हणाल्या, “मॅडम, चिलापीच्या मेंदूवर गोल्जी-कॉक्स करतेय.” मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाजारातून जिवंत चिलापी विकत आणून, महाविद्यालयाच्या जुन्या कपाटात अंधारात बाटल्या ठेवून, कोणतंही अनुदान नसताना बाई पाऱ्याच्या क्षाराने, म्हणजे गोल्जीच्याच रीतीच्या एका प्रकाराने, पेशी रंगवत होत्या. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटो सरळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीला फोन टेकवून काढलेले, कडा काळ्या, पण मधोमध एक पेशी, फांद्यांवर काटे मोजता येतील इतकी स्वच्छ. मी विचारलं, काप तडकत नाहीत का? त्या सांगायला लागल्या. काप वाळवण्यापूर्वी त्या काय करतात, ती युक्ती मला ठाऊक नव्हती. मी ती वहीत लिहून घेतली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

निवड दुसऱ्याची झाली. तो मुलगाही वाईट नव्हता, गुण जास्त होते, कागद पूर्ण होते. मी माझं मत माझ्या पत्रकावर लिहिलं होतं, ते एकटं पडलं. जागा एकच होती. दोन असत्या तर दोघंही लागले असते आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं.

काहालची कोंडी सुटली ती १८८९च्या ऑक्टोबरात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या संघटनेची बैठक बर्लिन विद्यापीठात होती. तो साठवलेल्या पैशांतून तिथे गेला, काचपट्टं सोबत घेऊन. भाषण करण्यापुरती भाषा येत नव्हती. मोडकंतोडकं फ्रेंच बोलत त्याने लोकांना अक्षरशः ओढून भिंगापाशी आणलं. आले त्यांत अल्बर्ट फॉन क्योलिकर होता. सत्तरी ओलांडलेला, त्या क्षेत्रातला सर्वांत वजनदार माणूस, आणि तोवर जाळ्याचा पक्ष मानणारा. त्याने भिंगातून पाहिलं आणि पक्ष बदलला. पुढे काहालचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून त्या वयात स्पॅनिश शिकला. मोठ्या लोकांचे मोठेपण सांगणाऱ्या कथांचा मला कंटाळा आहे, पण ही एक मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे. सत्तरीनंतर मत बदलणं आणि सत्तरीनंतर भाषा शिकणं, यातलं कुठलं अवघड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १८९१ साली वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने या सुट्या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिलं आणि श्रेयाचा मोठा वाटा, नाव देणाऱ्याला मिळतो तसा, त्याच्याही पदरात पडला.

१८९२ साली माद्रिद विद्यापीठातलं ऊतिशास्त्राचं पद रिकामं होतं. देशातलं सर्वांत मानाचं. काहालने अर्ज केला. आणि सिमार्रोनेही. ज्याने घरी बोलावून पहिलं काचपट्टं दाखवलं तो, आणि ज्याने ते पाहून जग बदललं तो, एकाच पदासाठी समोरासमोर. पद काहालला मिळालं. योग्यच मिळालं. पण सिमार्रोला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. त्याच्याकडे रीत आधी होती, घर माद्रिदमध्येच होतं, बुद्धीची कमतरता नव्हती. त्याचं लक्ष मात्र अनेक ठिकाणी वाटलेलं होतं, रोगी, राजकारण, मानसशास्त्र. पुढे दहा वर्षांनी, १९०२ साली, त्याच विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचं नवं पद निघालं, स्पेनमधलं त्या विषयाचं पहिलं, आणि त्यावर सिमार्रो बसला. त्याच्याही वाट्याला दुसरी जाहिरात आली.

१९०६चा नोबेल पुरस्कार गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाला. स्टॉकहोममध्ये गोल्जीने पुरस्काराच्या भाषणातच न्यूरॉनच्या सिद्धान्तावर टीका केली. शेजारी काहाल बसून ऐकत होता. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही.

मला त्यापेक्षा म्हातारा काहाल जास्त विचारात पाडतो. आता टेबलाच्या या बाजूला तोच होता. १९०७पासून तो एका सरकारी मंडळाचा अध्यक्ष होता, तरुणांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या. एका पिढीचं भाग्य त्याच्या सहीने ठरत होतं. त्याच्या प्रयोगशाळेत पिओ देल रिओ-ओर्तेगा नावाचा माणूस आला. चांदीच्याच रंगकामात त्याने नवी वाट काढली आणि १९१९ साली मेंदूतल्या एका वेगळ्याच पेशी दाखवल्या, न्यूरॉन नसलेल्या, मेंदूची साफसफाई आणि राखण करणाऱ्या. त्यांना आपण मायक्रोग्लिया म्हणतो. अल्झायमरवरच्या आजच्या संशोधनात या पेशींचं नाव पानोपानी येतं. ज्या पेशींबद्दल काहालने आधी वेगळं लिहिलं होतं, त्यांचा हा नवा हिशेब त्याला सहज पचला नाही. त्यात कानाला लागणारे लोक होते, प्रयोगशाळेतली भांडणं होती. १९२० साली ओर्तेगाला बाहेर पडावं लागलं. कधी काळी दोनदा नाकारला गेलेला माणूसच आता दार लावत होता.

पण दार लागलं आणि तिथेच सगळं संपलं असं झालं नाही. त्याच मंडळाने माद्रिदमधल्या एका विद्यार्थी वसतिगृहाच्या आवारात ओर्तेगाला छोटी प्रयोगशाळा दिली. १९२४ साली अमेरिकेतून एक तरुण शल्यवैद्य त्याची रंगवण्याची रीत शिकायला तिथे येऊन राहिला. त्याचं नाव वाइल्डर पेनफिल्ड. याच पेनफिल्डने १९३४ साली माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठाची न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. तिथे त्याने जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून हात कुठे, ओठ कुठे, असा नकाशा काढला. तो नकाशा आज शाळेच्या पुस्तकातही सापडतो.

नंतर स्पेनमध्ये यादवी युद्ध आलं. ओर्तेगा देश सोडून गेला आणि १९४५ साली बुएनोस आयरेसला वारला. काहालच्या पदावर त्याच्यानंतर बसलेला त्याचा शिष्य तेल्यो, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९३९मध्ये पदावरून दूर केला. आदल्याच वर्षी इटलीत वांशिक कायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढलं होतं. तुरीनमधला प्राध्यापक ज्युसेप्पे लेवी याची नोकरी त्यात गेली, त्याची विद्यार्थिनी रिता लेवी-मोन्ताल्चिनी हिचीही गेली. तिने घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग मांडले, आणि तिचा गुरू तिचा मदतनीस म्हणून तिथे काम करू लागला. ती अंडी, ते चांदीचं रंगकाम, सगळं काहालच्या घराण्यातलं. १९४७ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून व्हिक्टर हॅम्बर्गरने तिला एका सत्रासाठी बोलावलं. ती तिथे तीन दशकं राहिली, १९५८ साली पूर्ण प्राध्यापक झाली, १९८६ साली नोबेल मिळालं. तिच्याबद्दलही लोक म्हणतात, बघा, झोपायच्या खोलीत शोध लावला. सेंट लुईसचं बोलावणं आलं नसतं तर त्या खोलीची गोष्ट कोणाला कळली असती, एवढंच मला विचारायचं असतं.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. प्राणिशास्त्रात एमएस्सी, नेट झालेली, मेंदूवर काम करायचं आहे, मार्गदर्शन हवं. पहिला प्रश्न असा, की न्यूरोसायन्समध्ये प्राध्यापक व्हायचं तर अर्ज कुठे करायचा. मला तिला खरं तेच सांगावं लागलं. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या जाहिरातींत हा विषय या नावाने शोधशील तर क्वचितच सापडेल. मुंबईत टीआयएफआर आहे, पुण्यात आयसर आहे, बंगळूरला निम्हान्स, एनसीबीएस आणि आयआयएससी, मानेसरला मेंदू संशोधन केंद्र. तिथलं काम जगाच्या तोडीचं आहे, पण त्या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, जागा मोजक्या. जिथे लाखोंनी मुलं शिकतात त्या विद्यापीठांत मात्र मेंदूवाल्याला प्राणिशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करावा लागतो, आणि जाहिरातीत कंसात लिहिलेलं असतं मत्स्यशास्त्र किंवा कीटकशास्त्र.

ती म्हणाली, “मग मॅडम, मासा घेऊ का कीटक?”

मी म्हटलं, मासा घे. मेंदू त्यालाही असतो आणि जाहिरात त्याची जास्त वेळा निघते. पीएचडीच्या शीर्षकात ‘मत्स्य’ शब्द दिसेल असं बघ. राज्याची सेट परीक्षाही देऊन ठेव. मूळ कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच तयार ठेव. आणि त्या चिलापीवाल्या बाईंचा नंबर तिला दिला, त्यांची परवानगी विचारून. त्या अजून शिकवतायत, तासिका तत्त्वावरच. काप वाळवायची युक्ती त्यांच्याकडूनच शिक, असं सांगितलं. माझ्या वहीत लिहून घेतलेली मला हाताने कधी जमली नाही.